सुताचं दुसरं टोक

आमच्या घरी कापसाला स्वतंत्र खोली होती, माणसांना नव्हती. आंजी गावातल्या त्या घराला पुढे सपरी, म्हणजे कौलांखालची लांब ओसरी. तिच्यामागे मधली खोली, मधल्या खोलीच्या पाठीला चूल, आणि एका अंगाला ती कापसाची मोठी अंधारी खोली. तिला एक दार सपरीतून होतं आणि एक मधल्या खोलीतून. वर्षातले आठ महिने तिथे रिकामी पोती, मोडकी तिफण आणि मांजरीची बाळंतपणं असायची. दिवाळीनंतर वेचणी लागली की बाबा ती खोली सारवून घेत, कोपऱ्यात हळदकुंकू वाहत, आणि मग रोज संध्याकाळी वेचणाऱ्या बाया कमरेला बांधलेल्या ओट्यातला कापूस तिथे आणून टाकत. पौषापर्यंत ढीग आढ्याला टेकायचा. बाबा, माय, मी आणि त्या साली जन्मलेला माझा भाऊ असे आम्ही चौघं उरलेल्या जागेत कसेतरी मावायचो. घरातली सगळ्यात ऐसपैस जागा कापसाची, आणि त्या हिवाळ्यात तीच माझ्या वाट्याला आली.

तोवर मी मायजवळ झोपायचे. सात वर्षांची घोडी झाले होते तरी तिच्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय मला झोप येत नसे. भाऊ झाल्यावर तिच्या अंगाला ओव्याचा, शेपेच्या धुरीचा आणि कोमट तेलाचा वास यायला लागला. तो मला इतका आवडायचा की बाळ तिच्या एका कुशीला आणि मी दुसऱ्या कुशीला, हे मी मुकाट मान्य केलं होतं. पण एका रात्री झोपेत माझी लाथ बाळाच्या पोटात बसली. ते रडून रडून निळं पडलं. माय मला काही बोलली नाही, त्याला खांद्यावर घेऊन फिरत राहिली. बोलले ते बाबा.

"हिची बाज अलग टाक उद्यापासून. सात वरसाची झाली, शाळेत जाते."

"कुठं टाकू?" माय म्हणाली. "सपरीत थंडी हाय."

"कापसाच्या खोलीत टाक. तिथं ऊब रायते."

माझं मत कोणी विचारलं नाही आणि त्या काळी कोणी विचारतही नसे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि गुळाचा खडा असं जेवण झालं. गूळ रोज मिळत नसे, तेव्हाच मी समजले की आज काहीतरी आपल्याविरुद्ध ठरलं आहे. बाज ढिगाला लागून टाकलेली होती. माझी गोधडी, माझी उशी. मायनं मला झोपवलं, कपाळावरून हात फिरवला आणि कंदील घेऊन निघून गेली. दार तिनं नुसतं लोटलं होतं, पण मला ते कायमचं लागल्यासारखं वाटलं.

ज्यांनी भरलेल्या कापसाच्या खोलीत रात्र काढली नाही त्यांना सांगून पटणार नाही, पण कापूस अंधारात दिसतो. काही दिसत नसतं तेव्हाही तो दिसतो. एक फिकट, मोठा, पोट सुटलेला आकार तुमच्या उशाशी उभा असतो. आणि तो गप्प राहत नाही. दिवसभर रचलेला ढीग रात्री बसतो, तेव्हा आतून लांब सुस्कारा येतो. वाळलेल्या बोंडाच्या नख्या कुठेतरी तडकतात. उंदीर सरकी कुरतडतात ते ओळखता येतं, त्यांची मला भीती नव्हती. भीती होती ती सुस्काऱ्याची. तो आला की मी श्वास धरायचे, कारण मला वाटायचं, आपण श्वास घेतला तर त्याला कळेल इथे अजून कोणी आहे. पाय गोधडीबाहेर काढायची हिंमत नसे. तहान लागली तरी मी उठत नसे, आणि दुसरं काही लागलं तरी उठत नसे. सकाळी बाजेखालची ओल पाहून माय निमूटपणे गोधडी उन्हात टाकायची. ती मला रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

तरी अगदीच असह्य झालं की मी डोळे मिटून पळायचे. आठ दिवस मी रोज रात्री रडत मायच्या अंथरुणाशी जाऊन उभी राहिले आणि आठ दिवस बाबांनी मला उचलून परत आणून ठेवलं. बाबा रागीट नव्हते. गावात त्यांचं नाव होतं ते खरेपणासाठी. बांधाचं भांडण असो की बैलाचा सौदा, लोक त्यांना बोलवायचे, कारण हा माणूस खोटं बोलत नाही असं सगळ्यांनी एकदा ठरवून टाकलं होतं. त्यामुळे ते माझ्या बाजेवर बसून "काई नाई तिथं" म्हणाले तेव्हा मला दोनच वाटा उरल्या. एक तर बाबा पहिल्यांदा खोटं बोलत होते, नाहीतर मी वेडी होते.

नवव्या दिवशी त्यांनी एक युक्ती काढली. शाळेत आम्ही टकळीवर सूत कातायचो. माझं सूत गाठीगाठीचं, गुरुजी कधी घ्यायचे नाहीत, म्हणून त्याच्या गुंड्या घरीच पडून होत्या. बाबांनी ते तिपदरी करून वळलं आणि एक लांब दोरी केली. एक टोक माझ्या मनगटाला, दुसरं सपरीच्या दारातून नेऊन सपरीतल्या त्यांच्या बाजेपर्यंत, त्यांच्या पायाच्या अंगठ्याला.

"भेव वाटलं का ओढजो," ते म्हणाले. "मी इकडून ओढीन. मी ओढली म्हंजे समजजो, बाबा जागा हाय. मंग झोपजो."

पहिल्या रात्री मी ती दोरी किती वेळा ओढली याला हिशेब नाही. दर वेळी पलीकडून एक जोरकस झटका यायचा, मनगटाला काचेल असा. दुसऱ्या दिवशी बाबांचा अंगठा सुजला होता आणि ते लंगडत बैल सोडायला गेले. पण तिसऱ्या, चौथ्या रात्री मी दोनदाच ओढली. त्यानंतर एकदा. ढीग सुस्कारा टाकायचा, मी ओढायचे, झटका यायचा, आणि मला खरंच झोप लागायची. माझ्या नातीची भीती पाहते तेव्हा मला वाटतं, जगात यापेक्षा चांगलं औषध कोणी काढलेलं नाही. तिच्या आईनं, म्हणजे माझ्या मुलीनं, छताला अंधारात चमकणाऱ्या चांदण्या चिकटवल्या आहेत आणि मोबाइलवर वाचून एक तक्ता भिंतीला लावला आहे. एकटी झोपली की त्यावर एक तारा. पोरगी चांदण्यांनाच भिते.

दोरी लागून पंधरवडा झाला असेल, तेव्हा खोलीत दुसरंच काहीतरी सुरू झालं. मला जाग आली ती आवाजानं नाही, गार थेंबानं. एक थेंब माझ्या गालावर पडला होता. मी डोळे मिटलेलेच ठेवले. मग कुणीतरी काहीतरी झटकल्याचा आवाज, झाडाची फांदी हलते तसा, आणि पाठोपाठ ढिगावर बारीक सरसर. मग शांतता. मग पुन्हा झटकणं, जरा पलीकडे. ते चालत होतं. अनवाणी पायांनी, थांबून थांबून, ढिगाच्या कडेकडेनं. माझ्या मनगटाला दोरी होती आणि माझा हात हलेना. किती वेळ गेला कोण जाणे. सकाळ झाली तेव्हा माझी मूठ तशीच होती आणि नखं तळव्यात रुतली होती.

बाबांना सांगितलं तर ते वर कौलांकडे बघून म्हणाले, "दहिवर गळत असन." मायला सांगितलं. ती भाकर थापत होती, तिनं मान वर केली नाही. "कोनी नाई तिथं. सपन पडलं असन तुले." त्या वेळी मागल्या दारात कापूस वेचायला येणारी पार्बताबाई टेकली होती. तिला असल्या गोष्टींची फार आवड.

"ढिगात दबून मेलेलं लेकरू असते एखांदं," ती मला हळूच म्हणाली. "त्याले तहान लागते. थे पानी हुडकत फिरते रात्री. तू बोलू नोको त्याच्यासंग."

मायनं तिला हाकललं, पण जे व्हायचं ते झालं होतं. त्या रात्री ते पुन्हा आलं, आणि त्याच्या पुढच्या रात्रीही. दिवसाउजेडी मी एकदा धीर करून ढिगात हात घातला, खरंच तिथे कोणी आहे का बघायला. कोपरापर्यंत घातला आणि किंचाळायची तेवढी राहिले. आत गरम होतं. कापसाची ऊब असते तशी नाही. गाभण गाईच्या पोटाला हात लावल्यावर लागते तशी, ओलसर, जिवंत. मी हात काढला आणि वास घ्यायला नाकाशी नेला. आंबूस वास येत होता. हे मी कोणालाच सांगितलं नाही. खरं बोलणारे बाबा म्हणत होते काही नाही, माय म्हणत होती काही नाही, आणि माझ्या उशाशी एक गरम अंग होतं. माणसं आपल्याला मुद्दाम त्याच्याजवळ झोपवत आहेत असंसुद्धा मला एका रात्री वाटलं.

पुढची रात्र मला पायरीपायरीनं आठवते. जाग आली, झटकल्याचा आवाज आला, आणि या वेळी माझ्या हातानं माझं ऐकलं. मी दोरी ओढली. एकदा, दोनदा, सगळा जीव लावून. सपरीत बाज करकरली. बाबांनी उलटा झटका दिला नाही, ते उठलेच. आणि त्याच क्षणी ते जे होतं ते घाबरून मागे सरलं, माझ्या बाजेला त्याचा धक्का लागला, आणि मला वास आला. ओव्याचा, शेपेच्या धुरीचा, कोमट तेलाचा.

मी डोळे उघडले. माय माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. एका हातात बादली, दुसऱ्या हातात निंबाची ओली डहाळी. तिनं माझ्याकडे पाहिलं. सपरीच्या दाराच्या फटीतून कंदिलाचा उजेड सरकत येत होता. डहाळी छातीशी धरून ती ढिगामागे जाऊन बसली, आणि मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एका मोठ्या माणसाला भेदरलेलं पाहिलं.

बाबा आत आले, कंदील वर धरला. "काय झालं वं?"

मला सगळं कळलं नव्हतं, पण एवढं कळलं की बाबांनी ढिगामागे जाऊ नये. "काई नाई," मी म्हटलं. "सपन पडलं."

"खरं ना?"

"खरं."

त्यांनी माझी गोधडी नीट केली, मनगटाची गाठ सैल करून पुन्हा बांधली आणि गेले. बराच वेळ आम्ही दोघी अंधारात तशाच होतो. ज्या मायसाठी मी महिनाभर रडत होते ती रोज रात्री माझ्या उशाशी येऊन जात होती, आणि मी तिलाच भीत होते. ती बाहेर आली, ओला हात पदराला पुसून माझ्या डोक्यावर ठेवला आणि कानाशी म्हणाली, "बाबाले सांगशीन नोको." मग मधल्या खोलीत बाळ कुरकुरलं आणि ती गेली. मला वाटलं होतं ती माझ्याजवळ जरा तरी पडेल.

ती काय करत होती ते मला हळूहळू उमगलं, मोठ्यांच्या बोलण्यातून. घरात पडून राहिलेला कापूस वाळतो आणि वजनाला कमी भरतो. म्हणून विकायला नेण्याआधी काही घरी त्यावर पाणी शिंपडत. मायच्या माहेरी हे काम बायकांचं असायचं. निंबाची डहाळी बुडवून कसं शिंपायचं ते तिनं लहानपणीच शिकून घेतलं होतं. तिच्या लेखी त्यात चोरी नव्हती, हवेनं नेलेलं परत घ्यायचं एवढंच. बाबांच्या लेखी ती चोरीच होती. त्यांनी लग्नाच्या पहिल्याच साली तिला सांगून ठेवलं होतं, की आपल्या कापसाला पाणी लागणार नाही. पण मायचं माहेर मोकळ्या ओसरीत शिंपायचं, वारा लागायचा. आमची खोली बंद. ओल आतच मुरली आणि ढीग पोटातून तापला. माझ्या हाताला लागलं होतं ते तेवढंच.

त्यानंतर मी दोरी ओढली नाही. भीती गेली म्हणून नाही. ओढली तर बाबा येतील, म्हणून. बाबांना मात्र वाटलं की त्यांची युक्ती लागू पडली. "माह्या पोट्टीले आता भेव वाटत नाई," ते गावभर सांगत सुटले, आणि बक्षीस म्हणून कापसाच्या बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, मला पुलगावला न्यायचं ठरवलं. बंडी भरताना मी वर उड्या मारून कापूस दाबत होते. पायांना मधूनच गरम लागायचं. बाबांच्या पायाला तेव्हा जोडे होते.

पुलगावच्या खरेदी केंद्रावर बंड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. आम्ही रात्र बंडीखाली काढली, सकाळी गिरणीचा भोंगा झाला आणि बाबांनी मला एक आलुबोंडा घेऊन दिला, कागदात, हिरव्या मिरचीसकट. तो हातात असतानाच आमची पाळी आली. कापूस तपासणारा माणूस नागपूरकडचा होता, सगळ्यांशी सारखाच कंटाळून बोलायचा. त्यानं बंडीत बाही सारून हात घातला, खोल घातला, मूठभर कापूस काढून नाकाशी नेला.

"क्यों काका," तो म्हणाला, "पानी मारलं ना?"

बाबांना आधी कळलंच नाही तो कोणाशी बोलतो आहे. मग त्यांचा चेहरा उतरला. आजूबाजूचे लोक बघायला लागले. "आमच्या घरी पान्याचा थेंब नाई पडत कापसावर," ते म्हणाले.

"सगळेच असं म्हनते."

मी बंडीच्या चाकाशी उभी होते. बाबांनी मला पुढे ओढलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताचं ओझं मला आजही टाळूवर जाणवतं. "ह्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो," ते म्हणाले. "माह्या घरातल्या कोन्या मानसानं ह्या कापसाले पानी लावलं असन, तं ही पोरगी मले पुन्यांदा दिसू नये."

त्या माणसानं बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. रांगेतला कोणीतरी म्हणाला, "ह्या मानसाचं खोटं नसते, साहेब." कापूस पास झाला. आलुबोंडा माझ्या हातात गार झाला होता, तो मी बैलाला दिला.

मुलाच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतली तर मूल मरतं, हे आमच्याकडे शिकवावं लागत नसे, जसं विस्तव भाजतो हे शिकवावं लागत नाही. बाबा खोटं बोलले नव्हते, त्यांना जे माहीत होतं तेच ते बोलले होते. पण शपथेला हे समजतं का, हे मला कोणाला विचारता येत नव्हतं. परतीच्या वाटेवर रिकाम्या बंडीत मी उताणी पडून होते. बाबा मधूनमधून मागे वळून बघत, आणि त्यांनी वळून पाहिलं की मला वाटायचं, अजून दिसते आहे मी त्यांना.

रात्री जेवताना बाबांनी मायला सगळं सांगितलं, जरा रंगवूनच, अपमान धुऊन काढल्याच्या आनंदात. माय तव्यावर भाकर टाकत होती. "मंग पोरीच्या डोक्यावर हात ठेवला अन सांगतलं," ते म्हणाले, आणि तिचा हात तसाच थांबला. भाकर करपायला लागली, धूर झाला, तरी तिनं ती उलटली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. ढिगामागे लपताना ती भेदरली होती त्याहून हे वेगळं होतं. तोवर मला एक वेडी आशा होती, की मोठ्या माणसांच्या लेखी या शपथेत काही नसेल. ती तेव्हा संपली. माय घाबरली म्हणजे मी मरणार, हे ठरलं.

त्या रात्री तिनं मला आपल्या अंथरुणात घेतलं. बाबा म्हणाले, "काऊन वं? इतक्या मेहनतीनं सवय लावली." तिनं माझ्यावर गोधडी ओढली. महिनाभर मी ज्याच्यासाठी रडले ते मला मिळालं, तिची कूस, तिचा पदर, तो वास, आणि मला त्यात झोप येईना. तिचा हात माझ्या छातीवर होता. मी श्वास घेते आहे का ते ती पाहत होती. मला डुलकी लागली की ती घाबरून हलवायची, "कुंदे, कुंदे," आणि मी डोळे उघडले की पुन्हा गप्प. कापसाच्या ढिगाशेजारी मी इतकी कधी भ्याले नव्हते.

माझ्या मनात एकच सुटका होती. खेळताना कोणी शपथ घातली तर ती घालणाऱ्यानंच "सुटली" म्हणावं लागतं, म्हणजे ती सुटते. दुसऱ्या दिवशी बाबा बैलांना पाणी पाजत होते तिथे मी गेले. "बाबा, सुटली म्हना."

"काय सुटली?"

"म्हना नं."

"पयले सांग तं खरी, काय ते," ते हसत म्हणाले. मी सांगितलं असतं तर मी वाचले असते आणि मायचं काय झालं असतं कोण जाणे. मी तिथून पळाले. संध्याकाळी मला ताप भरला.

तो ताप शपथेचा होता की उघड्यावर काढलेल्या रात्रीचा, यावर माझी मुलगी, जी सावंगीला दवाखान्यात नोकरी करते, एका वाक्यात निकाल देते. देऊ दे. तीन दिवस मी फणफणले. पार्बताबाई मीठमोहरी ओवाळून गेली. माय बाळाला घेऊन माझ्या उशाशी बसून होती, जेवली नव्हती. तिसऱ्या रात्री बाबा कंदील घेऊन आत आले, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "सकाळी वर्ध्याले नेतो." तेव्हा माय बोलली.

"पानी म्या मारलं."

बाबांनी कंदील खाली ठेवला.

"पाच-सा रात्री मारलं," ती म्हणाली. "चार पैसे जास्त आले तं तिच्या खोलीत लाईट घ्याव म्हनलं. तुमी शपत सोडवा." ते लाइटचं खरं होतं की तिला ऐन वेळी सुचलं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. म्हातारपणी मी तिला एकदा विचारलंही; ती म्हणाली, आता काय करायचं ते.

बाबा माझ्याकडे वळले. मग त्यांनी मला विचारलं, तिला नाही. "तुले माईत होतं?"

मी "हो" म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, पण त्यांना आला. ते उठून बाहेर गेले. सपरीत त्यांच्या पावलांचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होता आणि परत येत होता. ज्या माणसाला सगळा गाव खरं म्हणायचा, त्याच्या उशाखाली आम्ही दोघींनी इतके दिवस खोटं ठेवलं होतं. मला वाटलं आता ते परत येणार नाहीत, आणि त्या वेळी मरणापेक्षा मला त्याचीच भीती जास्त वाटली. मायचा राग तेव्हा मला पहिल्यांदा आला. थोडा अजून आहे.

ते परत आले. माझ्या डोक्यावर हात ठेवला, त्याच जागी. "सुटली," ते म्हणाले. मग पुन्हा, "सुटली." आणि तिसऱ्यांदा. त्यानंतर मी त्यांना कशाचीही शपथ घेताना पाहिलं नाही. पुढच्या साली बंडी घेऊन गेले तेव्हा त्या तपासणाऱ्या माणसाला त्यांनी आपणहून सांगितलं, की मागल्या सालच्या आपल्या कापसात पाणी होतं. तो हसला म्हणे, आणि पुढच्या बंडीकडे गेला.

ताप उतरला, अंगात थोडी ताकद आली, तेव्हा बाबांनी माझी बाज पुन्हा त्या खोलीत टाकली. खोली आता रिकामी होती, कोपऱ्यात चार मुठी कापूस तेवढा उरला होता. मायनं हरकत घेतली नाही. त्या दिवसांत ती कशालाच हरकत घेत नसे, आणि बाबा तिच्याशी कामापुरतं बोलत. बाबांनी ती सुताची दोरी शोधून आणली. एक टोक माझ्या मनगटाला बांधलं. मी सपरीच्या दाराकडे पाहत होते, पण ते दुसरं टोक घेऊन मधल्या खोलीच्या दारातून गेले. माय बाळाला थोपटत होती. त्यांनी तिचा हात ओढून घेतला आणि तिच्या मनगटाला दोरीची गाठ मारली.

"आता तू जागजो," ते तिला म्हणाले, आणि सपरीत जाऊन झोपले.

माझी नात हल्ली रात्री हाक मारते, आजी, खोलीत कोणीतरी आहे. तिची आई दुसऱ्या खोलीतून ओरडते, काही नाही तिथं. ते वाक्य मी म्हणत नाही. मी उठते, दिवा लावते, कपाटामागे, पलंगाखाली, पडद्याआड खरोखर बघते, आणि मग तिच्या मनगटाला लोकरीचा धागा बांधते. दुसरं टोक माझ्याकडे असतं. मुलगी म्हणते, तू तिची सवय बिघडवते आहेस.

मायच्या मनगटाला दोरी बांधली त्या रात्री ढीग नव्हता, सुस्कारे नव्हते, तरी मला भीती वाटत होतीच. रिकाम्या खोलीला स्वतःचा एक आवाज असतो. मी बराच वेळ दोरी धरून पडले होते. ओढावी की नाही कळत नव्हतं, कारण मी ओढली आणि पलीकडून काहीच आलं नाही तर मग काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शेवटी ओढली, अगदी हलकी. लगेच उत्तर आलं. बाबांसारखा झटका नव्हता तो. इतकं हळू, की मला वाटलं मीच हललेय. मी पुन्हा ओढली. पुन्हा आलं. माय जागीच होती.